पोटमाळ्यावरच्या दोन मुलाखती

मी नक्की कसली नोकरी करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नाही. घाटकोपरला आमच्या सोसायटीत कुणी विचारलंच, तर त्या म्हणायच्या, "ती ना, बाहेरून येणाऱ्या लोकांना कारखाने दाखवते." मग स्वतःच ओशाळून, "कॉलेजसारखंच असतं ते," असं जोडून द्यायच्या. खरं सांगायचं तर माझ्या नेमणुकीच्या कागदावरच्या 'संशोधन सहाय्यक' या शब्दांपेक्षा त्यांचं वर्णन जास्त बरोबर होतं.

अंधेरी पूर्वेला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटीशी संस्था होती. लहान धंदे कोण उभे करतं, ते कसे चालतात आणि का बुडतात, याचा अभ्यास करायला परदेशातून प्राध्यापक आणि विद्यार्थी तिथे यायचे. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गिरण्यांचा संप लांबत गेला आणि तो संपला असं कुणी म्हणायच्या आत गिरण्याच संपल्या. हाताला काम राहिलं नाही, तेव्हा कोकणातल्या कितीतरी माणसांनी भाऊ, मेहुणे, गाववाले गोळा करून मुलुंड-भांडुपच्या औद्योगिक वसाहतींत गाळे घेतले आणि जे जमेल ते बनवायला लागले. अभ्यासकांना त्यात नवल वाटायचं. त्यांच्या पुस्तकातला उद्योजक म्हणजे एकटा, धडाडीचा, स्वतःच्या हिमतीवर काही करून दाखवणारा माणूस. इथला माणूस तसाच आहे की वेगळा, हे त्यांना बघायचं असायचं. त्यांना गाळ्यापर्यंत न्यायचं, आत बसवायचं, त्यांचे प्रश्न मराठीत विचारायचे आणि उत्तरं इंग्रजीत पोचवायची, हे माझं काम. उकळलेलं पाणी, जादा छत्री आणि पोट बिघडल्यावरच्या गोळ्याही माझ्याच पिशवीत असायच्या.

प्रश्न तिकडेच तयार होऊन यायचे. त्यांत एक शिडीचं चित्र असायचं. यशाच्या शिडीवर तुम्ही कुठल्या पायरीवर आहात, तिथे बोट ठेवा. सगळे मधल्या पायरीवर बोट ठेवायचे. ज्याचा धंदा जोरात चाललाय तो वर ठेवायचा नाही, कारण दृष्ट लागते. ज्याचं कंबरडं मोडलंय तोही खाली ठेवायचा नाही, कारण घरात लग्नाची मुलगी असते. एक प्राध्यापक मला म्हणाले, "इथे सगळेच मधले कसे?" मी म्हटलं, "सर, हे उत्तर तुम्हाला दिलेलं नाही. शेजारच्या गाळ्याला दिलेलं आहे." त्यांनी ते वाक्य कौतुकाने लिहून घेतलं, शिडी मात्र तशीच ठेवली.

दुसरा एक प्रश्न धोका पत्करण्याबद्दलचा. खात्रीचं थोडं हवं की नशिबावर सोडलेलं जास्त? भांडुपचा एक लोहार-कारखानदार माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, चांगल्या घरच्या दिसता. मटक्याचं काम कधीपासून धरलं?" त्याची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. संस्थेत परत आल्यावर हे सांगितलं तेव्हा सगळे खूप हसले. मीही हसले. अशा गमतीजमती पुष्कळ आहेत आणि दिवाळीच्या अंकाला त्याच शोभल्या असत्या. पण या नोकरीची आठवण झाली की मला आधी आठवतो तो मुलुंडचा परबांचा गाळा, आणि तिथे हसण्यासारखं काही घडलं नाही. त्यातली माणसं आता हयात नाहीत, नावंही मी बदलली आहेत. म्हणूनच लिहिते आहे.

मला एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो लपवत नाही. कुठल्याही गाळ्याचं दार मला उघडायचं. पाहुण्यांना घेऊन एकदम कधी धडकायचं नाही, ही माझी पद्धत. आधी एकटीने जायचं. मालक कामात असेल तर कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसायचं. चहा आला की नाही म्हणायचं नाही. मग गाव कुठलं ते विचारायचं. माझ्या माहेरचं मूळ गाव मालवणकडचं, त्यामुळे दोन वाक्यांत कुणी ना कुणी ओळखीचं निघायचंच. तिसऱ्या खेपेला मालकच विचारायचा, "त्या तुमच्या पाहुण्यांना कधी आणताय?"

परबांकडेही मी अशीच गेले होते. थोरला भिकाजी. गिरणीत मेकॅनिक खात्यात होता. संपात नोकरी गेली तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला. धाकटा सदानंद त्याच्याहून बराच लहान. आईवडील लवकर गेल्यामुळे थोरल्यानेच त्याला वाढवलं, मुंबईला आणलं, लेथ चालवायला शिकवलं. दोघे मिळून रॉकेलच्या स्टोव्हचे पितळी बर्नर बनवायचे. आग्रा रोडच्या आत, वसाहतीच्या टोकाला त्यांचा गाळा होता. त्यांचा बर्नर निळा जळतो, काजळी धरत नाही, असं दुकानदार सांगायचे. दोन माणसं लेथवर समोरासमोर उभी राहून काम करायची आणि दिवसभरात फारसं बोलायची नाहीत. एकाने हात पुढे केला की दुसरा त्यात हवं ते हत्यार ठेवायचा.

त्या वर्षी आमच्याकडे हेल्गा आली होती. उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठाची संशोधक. उंच, हाडापेराने मोठी, घामाने कायम भिजलेली. मी अनेकांबरोबर फिरले, पण इतकी मन लावून ऐकणारी बाई दुसरी पाहिली नाही. अंधेरीहून पवईवरून मुलुंडला जाणाऱ्या बसमध्ये ती मला एकेका शब्दाचा अर्थ विचारायची. 'चालेल' हा शब्द तिला फार आवडला होता. घरातल्या घरात भागीदारी असली की निर्णय कोण घेतं, हा तिचा विषय.

पहिल्या भेटीत दोघे भाऊ आमच्यासमोर बसले. हेल्गा विचारायची, मी मराठीत सांगायची, भिकाजी उत्तर द्यायचा आणि सदानंद मान हलवायचा. मुद्दाम सदानंदकडे बघून विचारलं तरी तो थोरल्याकडे बघायचा. "दादा सांगतोय ना. तेच."

बाहेर आल्यावर हेल्गा म्हणाली, "हे चालणार नाही. धाकट्याचं मत मला कळलंच नाही. दोघांना वेगवेगळं भेटायला हवं." त्यांच्या शास्त्रात ही साधी गोष्ट आहे. एकासमोर दुसरा मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला एकटं बसवायचं, आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कधीही सांगायचं नाही. हे वचन आम्ही प्रत्येकाला आधीच द्यायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भिकाजीलाही वाटलं नसावं. तो म्हणाला, "चलात. वर माळ्यावर बसा."

गाळ्याला लाकडी पोटमाळा होता. खोके, जुन्या पट्ट्या आणि एक फळकूट. पहिल्यांदा भिकाजी आला. गाळ्यात टेपरेकॉर्डर नको, असं त्याने सांगितलं, म्हणून हेल्गा हाताने लिहीत होती. धंदा कसा सुरू झाला, पितळ कुठून येतं, हे सगळं तो रंगून सांगत होता. मग तिच्या यादीतला पुढचा प्रश्न मी विचारला. "तुमच्यानंतर हा धंदा कोण बघेल?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. समोर सदानंद असता तर त्याने विचारही न करता भावाचं नाव घेतलं असतं. पण समोर कुणी नव्हतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सदाच्या हातात नाही द्यायचा. हात चांगला आहे त्याचा, पण डोकं नाही. माझा मुलगा हाताशी येईपर्यंत सांभाळायचं त्याला. मग बघू." बोलून झाल्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही भलतं बोलले होते. मला आजही वाटतं की शिडी चढून वर येताना हे उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. आम्ही विचारलं म्हणून ते तयार झालं. हेल्गाने ते लिहून घेतलं. भिकाजी खाली उतरला आणि त्या दिवशी आम्हाला चहा विचारायचा विसरला.

पुढच्या आठवड्यात सदानंदची पाळी. तो आधी बुजला, मग एकदा सुटला तो सुटलाच. आयुष्यात त्याला कुणी एकट्याला बसवून, तुला काय वाटतं, असं विचारलंच नव्हतं. लोकांच्या घरी आता गॅस यायला लागलाय, स्टोव्ह फार दिवस टिकणार नाही, आपण गॅसच्या शेगडीचे भाग करायला शिकलं पाहिजे, हे तो हातवारे करून सांगत होता. हेल्गाने विचारलं, "मग करत का नाही?" तो म्हणाला, "दादाला पटल्याशिवाय कसं करणार? दादा आहे म्हणून मी आहे. उद्या त्याने सांगितलं लेथ विकून टाक, तर विकेन. त्याने काही वाईट सांगितलंय असं आजवर झालेलं नाही." आणि मग लाजून हसला.

याच सुमारास खालचा लेथ बंद झाल्याचं माझ्या लक्षात आलं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. भिकाजी यंत्राशी हात पुसत उभा होता. काम संपलं नव्हतं, अर्धवट कापलेला बर्नर लेथच्या पकडीत तसाच होता. आमचे शब्द त्याच्यापर्यंत नीट पोचत नव्हते, फक्त सदानंदचं हसणं ऐकू जात असावं. सदानंद खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. भिकाजीने त्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि लेथ सुरू केला.

थोड्या दिवसांनी भिकाजी आमच्या अंधेरीच्या कचेरीत आला. इस्त्रीचा शर्ट घालून, एकटाच. हेल्गा ग्रंथालयात गेली होती. मी खुर्ची दिली, तो बसला नाही.

"सांग गो बाय, तो काय म्हणालो?"

मी नियम सांगितला. तुम्ही जे बोललात ते मी त्याला सांगत नाही, तसंच त्याचंही तुम्हाला सांगता येत नाही. हे ऐकून तो खाली बसला. मग त्याने जे सांगितलं त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी कोकणातली म्हणवते खरी, पण माझी वाढ मुंबईची.

त्याच्या लहानपणी त्याच्या बापाची आणि काकांची वाटणी झाली होती. गावची चार वडीलधारी माणसं आली. त्यांनी एकेका भावाला पडवीत नेलं, दार ओढून घेतलं आणि विचारलं, तुझ्या मनात काय आहे ते सांग. ज्याने त्याने सांगितलं. "भायर इले तेव्हा कोण कोणाकडे बघी ना," भिकाजी म्हणाला. "सकाळपर्यंत एका ताटात जेवलेली माणसा." त्यांच्याकडे भावाला बाजूला घेऊन बसवतात ते वाटणीच्या वेळेलाच. एरवी जे काही बोलायचं ते चारचौघांत, सगळ्यांसमोर. आम्ही दोन परक्या बायका त्याच्या गाळ्यात जाऊन नेमकं तेच करून आलो होतो.

हे ऐकल्यावर मी नियम बाजूला ठेवला. नोकरीत पहिल्यांदाच. सदानंद जे जे बोलला ते मी भिकाजीला सांगितलं. 'दादा आहे म्हणून मी आहे' हे त्याच शब्दांत सांगितलं. लेथ विकायचं वाक्यही सांगितलं. मला वाटलं, आता याच्या मनावरचं ओझं उतरेल.

तो शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "इतक्या बरा बोललो, तर मग तेका एकट्याक कित्याक बसवलास?"

मी म्हटलं, "तशी पद्धतच आहे. तुम्हालाही बसवलं होतं ना?"

"होय तर," तो म्हणाला. "माका पण बसवलास." आणि उठला. दारापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेना तुका तसा सांगूक सांगल्यान आसतला."

धाकट्यानेच मला पढवलं असणार, असं त्याने धरलं होतं. तो गेल्यावर मला उमगलं की माझ्यावर विश्वास ठेवणं त्याला शक्यच नव्हतं. माळ्यावर भावाच्या पाठीमागे माणूस काय बोलतो, हे त्याला स्वतःवरून ठाऊक होतं. धाकटा वेगळं बोलला असेल हे तो मानणार तरी कसा? आणि त्याला हे उलगडून सांगायचं, तर त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकावं लागलं असतं. सदानंदचा आवाज टेपवर असता तर तोच ऐकवला असता. तोही नव्हता.

हेल्गाला मी सगळं सांगितलं. तिने हातातली वही मिटून ठेवली. मग म्हणाली, "आपण जाऊ. दोघांना एकत्र बसवून बोलू." आम्ही गेलो. भिकाजीने अदबीने स्टुलं पुसून दिली आणि सदानंदला पितळ आणायला बाहेर पाठवलं. हेल्गा काकुळतीला येऊन सांगत होती, मी मराठीत सांगत होते, आणि तो प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे, मॅडम" म्हणत होता. काही गोष्टींत माणूस भांडला तर बरं असतं. तो भांडला नाही.

पावसाळा संपल्यावर गाळ्यात मधोमध विटांची भिंत उभी राहिली. कारण कुणी विचारलं तर भिकाजी सांगायचा, जागेची सोय. सदानंदला एक जुना लेथ आणि मागची बाजू मिळाली. पुढचं दार थोरल्याकडे राहिल्यामुळे सदानंदच्या बाजूला वसाहतीच्या नाल्याकडून जावं लागायचं. त्याने गॅसच्या शेगडीचे भाग करून पाहिले, पण त्याला दुकानदार ओळखत नव्हते. ओळखीचं सगळं थोरल्याचं होतं. थोरला बर्नरच करत राहिला, आणि सदानंद म्हणाला होता तसंच झालं. घराघरांत गॅस आला. एकट्या माणसाला लेथवर हत्यार पुढे करणारा हातही नव्हता. दोन्ही बाजू एकामागोमाग बंद पडल्या. भिकाजीचा मुलगा हाताशी यायच्या वयाचा झाला तेव्हा गाळ्यात कुणी दुसराच प्लास्टिकच्या बादल्या साठवत होता.

हेल्गा तिच्या देशी परत गेली. तिने मला पुस्तक पाठवलं. त्यात मुलुंड होतं, भांडुप होतं, परब मात्र कुठेच नव्हते. तिने त्यांना वगळलं होतं. मला त्यात तिची सभ्यता दिसली. इतर कुणी असतं तर त्या दोघांवर एक अख्खं प्रकरण झालं असतं, आणि ते चांगलंही झालं असतं.

मी काम चालू ठेवलं. पुढेही किती जणांना एकटं बसवून प्रश्न विचारले, कारण नोकरीच ती होती. त्यांतली कितीतरी उत्तरं उपयोगी पडली असतील, बाहेरच्या लोकांना आपल्याकडचा माणूस थोडाफार समजलाही असेल. माझ्या मनातून मात्र त्या कामाची गोडी गेली होती. समोरचा माणूस बोलता बोलता थबकला की माझा जीव वरखाली व्हायचा. वाटायचं, याला आता काही सुचू नये.

दशक संपत आलं तेव्हा भिकाजी गेला. छातीत दुखल्याचं निमित्त. मला उशिरा कळलं. मी भांडुपला त्याच्या खोलीवर भेटायला गेले. वहिनींपाशी बसले, दोन शब्द बोलले, निघाले. चाळीच्या बाहेर कट्ट्यावर सदानंद बसला होता. भावाचं सगळं त्यानेच पुढे होऊन केलं होतं म्हणे. तो आता मुलुंडलाच दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला होता. मला पाहून उभा राहिला, कट्टा हाताने झाडून म्हणाला, "बसा ताई."

आम्ही बसलो. गावाकडचं, माझ्या मुलांचं, असंच काहीबाही बोलत होतो. मग तो म्हणाला, "आता दादा नाय. आता सांगूक हरकत नाय ना? त्या दिवशी माळ्यावर तो माझ्याबद्दल काय म्हणालो होतो?"

मी म्हटलं, "तू त्याच्याबद्दल जे म्हणालास तेच."

त्याने लगेच विश्वास ठेवला. क्षणभरही विचार केला नाही. "माका म्हायती होता," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. समोर नळावर बायका भांडी लावत होत्या, त्यांच्याकडे तो बघत बसला. मग माझ्याकडे वळून, खरंच काही न समजलेल्या माणसासारखं त्याने विचारलं,

"मग आमका येगळे कोणी केल्यान, ताई?"